नोकरी बदलली, आणि ४०१-के मध्ये मर्यादेपेक्षा जास्त रक्कम जमा झाली

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते, वय ४१. जुलै २०२५ अखेर जुनी नोकरी सोडून मी दुसऱ्या कंपनीत रुजू झाले. आता दोन्ही डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेले वर्षभराच्या पगाराचे व कपातीचे दाखले) हाती आल्यावर लक्षात आले की, माझ्या पगारातून जुन्या कंपनीने १४,५०० आणि नव्या कंपनीने १२,२०० डॉलर ४०१-के साठी, म्हणजे कंपनीमार्फत चालणाऱ्या निवृत्तीच्या बचत योजनेसाठी, कापले आहेत. दोन्ही खाती रॉथ (आधी कर भरून पैसे टाकण्याची) नाहीत. नवी कंपनी म्हणते, आमची कपात मर्यादेतच आहे. जुनी म्हणते, आपण आता आमच्या कर्मचारी नाही. हे दुरुस्त कोणी करायचे? जुने खाते आयआरएमध्ये (स्वतः उघडलेल्या निवृत्ती खात्यात) वळवले, तर प्रश्न सुटेल का?

उत्तर : दुरुस्तीची सुरुवात आपल्यालाच करावी लागेल. पगारातून ४०१-के मध्ये टाकायच्या रकमेची मर्यादा व्यक्तीला लागू होते, कंपनीला नव्हे. आणि एका कंपनीला दुसरीकडची कपात दिसत नसल्यामुळे दोघींचेही हिशेब आपापल्या जागी बरोबरच आहेत. पन्नाशीच्या आतील व्यक्तीसाठी २०२५ ची मर्यादा २३,५०० डॉलर होती. आपली एकूण कपात २६,७०० डॉलर, म्हणजे ३,२०० डॉलर जास्तीचे. कंपनीने स्वतःच्या खिशातून घातलेली रक्कम या हिशेबात धरायची नसते. डब्ल्यू-२ च्या १२ व्या चौकटीत ‘डी’ अक्षरापुढे असलेले आकडे तेवढे पुन्हा एकदा पडताळून पाहा.

जुने खाते आयआरएमध्ये वळवण्याची घाई मात्र कृपया करू नका. जास्तीची रक्कम अशी वळवता येत नाही. ती आयआरएमध्ये गेली, तर तिथेही ती नियमबाह्य जमा ठरते आणि तिथून वेळेत काढली नाही, तर दरवर्षी ६ टक्के कर लागत राहतो. एक चूक निस्तरताना दुसरी पदरात पडते.

योग्य मार्ग असा की, दोहोंपैकी एका प्लॅनच्या व्यवस्थापकांना लेखी कळवून ३,२०० डॉलर आणि त्यांवर झालेली वाढ १५ एप्रिल २०२६ पर्यंत परत मागावी. ही साधी उचल नसून वार्षिक मर्यादेबाहेरच्या कपातीची परतफेड आहे, असे पत्रात स्पष्ट लिहा व दोन्ही डब्ल्यू-२ च्या प्रती जोडा. विवरणपत्रासाठी मुदतवाढ घेतली, तरी ही तारीख पुढे जात नाही. शिवाय अनेक प्लॅन मार्चमध्येच अर्ज मागतात, म्हणून याच आठवड्यात फोन करावा. अशी परतफेड देण्याची तरतूद ठेवणे प्लॅनवर बंधनकारक नाही, त्यामुळे दोन्हीकडे विचारा. नोकरी सोडली असली, तरी खाते तिथे असेपर्यंत जुन्या प्लॅनकडेही आपल्याला अर्ज करता येतो. परत घेतलेल्या रकमेपोटी मिळालेला कंपनीचा वाटा काही वेळा काढून घेतला जातो. तो जिथे वाचेल, तिथूनच पैसे काढावेत, असे माझे मत आहे.

कराच्या बाबतीत गोंधळ होतो तो वर्षाचा. मूळ ३,२०० डॉलर २०२५ च्या उत्पन्नात धरले जातात. त्यांवरची वाढ मात्र पैसे हाती येतात त्या वर्षाच्या, म्हणजे २०२६ च्या उत्पन्नात. या परतफेडीचा १०९९-आर फॉर्म (निवृत्ती खात्यातून काढलेल्या पैशांचा दाखला) आपल्याला जानेवारी २०२७ मध्ये मिळेल, पण त्याची वाट न पाहता मूळ रक्कम २०२५ च्या १०४० फॉर्ममध्ये (वार्षिक प्राप्तिकर विवरणपत्रात) १-एच या ओळीवर दाखवावी. विवरणपत्र आधीच भरले असेल, तर १०४०-एक्स भरून दुरुस्त करा. मुदतीत परत घेतलेल्या रकमेवर वयाच्या साडेएकोणसाठीपूर्वी पैसे काढल्याबद्दलचा १० टक्क्यांचा अतिरिक्त कर लागत नाही.

मुदत हुकली, तर नुकसान खरे आहे. त्या ३,२०० डॉलरवर २०२५ साठी कर द्यावाच लागतो, आणि पुढे केव्हातरी ते खात्यातून बाहेर येतील तेव्हा त्यांच्यावर पुन्हा पूर्ण कर बसतो. आधी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. कष्टाच्या पैशावर दोनदा कर भरण्याची वेळ आपल्यावर येऊ नये, म्हणूनच इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

अर्जाची प्रत आणि प्लॅनचे उत्तर २०२६ चे विवरणपत्र भरून होईपर्यंत जपून ठेवा. १०९९-आर वर ३,२०० डॉलरपुढे ‘पी’ आणि वाढीपुढे ‘८’ हा संकेत आहे का, तेही पाहा. दोन्ही रकमांसाठी वेगवेगळे फॉर्म येऊ शकतात. संकेत चुकला असेल, तर दुरुस्त फॉर्म मागून घ्यावा.