ऑफिसात दूध काढायचं, पण कुठे?

प्रश्न : बाळ 5 महिन्यांचं आहे. सरकारी कार्यालयात नुकतीच पुन्हा रुजू झाले. दूध काढायला जागा मागितली, तर साहेब म्हणतात, "बाथरूम आहे की!" काय करू?

उत्तर : बाथरूम नकोच. साहेब तिथे डबा खातील का? अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी दिलेला होकार साहेबांच्या बदलीबरोबर जातो. 'सोय करावी' असं मोघम लिहू नका. आतून कडी लागणारी खोली, खुर्ची, प्लग, जवळ बेसिन आणि दर 3 तासांनी 20-25 मिनिटं, असं नेमकं मागा. मीटिंग लांबली म्हणून वेळ चुकली की छाती दगडासारखी होते, गाठी येतात; रोजच चुकली तर दूधच आटतं.

काढलेलं दूध 25 अंशांपर्यंत 4 तास टिकतं, फ्रीजमध्ये 4 दिवस. बाटली फ्रीजच्या दारात ठेवू नका, आत मागे ठेवा. उघडझापीमुळे दारापाशी गारवा टिकत नाही. फ्रीज नसेल तर गोठवलेले आइस पॅक घातलेली थर्मल पिशवी 24 तास पुरते. बाटलीवर तारीख-वेळ लिहा. वर साय दिसली म्हणजे दूध नासलं असं नाही, बाटली हलकेच फिरवा.