जकार्तावर प्रोजेक्ट करायचाय? आधी कुठलं जकार्ता ते ठरव

तू विचारलंयस की एम.ए. भूगोलाला "बुडणारं जकार्ता" हा विषय घेतलाय, गूगलवर त्याच त्याच बातम्या येतात, सर म्हणतात बातम्या चालणार नाहीत, लायब्ररीतले सोर्स आणा, आणि ते नाशिकमध्ये बसून आणायचे कुठून. मी इथल्याच एका कॉलेजच्या लायब्ररीत बावीस वर्षं काम करतेय म्हणून जरा सविस्तर लिहिते, आणि माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करते.

सगळ्यात आधी नाव. नुसतं जकार्ता टाकून शोधलंस तर या शहराचा जुना इतिहास हाती लागणारच नाही, कारण १६१९ पासून १९४२ मध्ये जपानी येईपर्यंत तिथे राज्य करणाऱ्या डचांच्या कागदात ते बटाव्हिया आहे. त्यानंतर नाव बदललं पण स्पेलिंग डी-जे ने सुरू व्हायचं (Djakarta), १९७२ च्या स्पेलिंग-सुधारणेनंतर ते नुसत्या जे ने सुरू झालं (Jakarta). शहरातून वाहणारी चिलिवुंग नदी आता सी ने लिहितात (Ciliwung), जुन्या कागदात ती टी-जे ने सुरू होते (Tjiliwung) आणि त्याआधीच्या डच कागदात यू च्या जागी ओ-ई असतं (Tjiliwoeng). म्हणजे एकाच नदीची तीन स्पेलिंगं, तिन्ही टाकून बघायची. आपल्या नाशिकचंच बघ ना, १८८३ चं गॅझेटियर शोधायचं तर स्पेलिंगमधला एच काढावा लागतो, नाहीतर ते सापडतच नाही.

विषयाचा शब्द पण बदल. बातमीवाले सिंकिंग म्हणतात, अभ्यासक लँड सबसिडन्स म्हणतात, इंडोनेशियन लोक पेनुरुनान तानाह म्हणतात, पुराला बांजिर. हे चार शब्द आणि शहराची तिन्ही नावं वहीत लिहून घे आणि आलटून पालटून टाक, मग बघ किती फरक पडतो.

आता हद्द, आणि इथे मुलं हमखास अडकतात. मागे एक मुलगी माझ्या काउंटरवर तक्ता घेऊन आली होती, लोकसंख्येच्या रकान्यात दोन आकडे, एक कोटी पाच लाख आणि तीन कोटींच्या वर, त्यातल्या एकावर तिने व्हाइटनर लावला होता कारण तिला वाटलं एक चुकीचा असणार. दोन्ही बरोबर होते गं बाई! पहिला २०२० च्या जनगणनेतला फक्त जकार्ता शहराचा, दुसरा जाबोदेताबेकचा, म्हणजे जकार्ता, बोगोर, देपोक, तांगेरांग, बेकासी मिळून. नाशिक म्हणताना ओझर, सिन्नर, देवळाली कॅम्प धरायचं की नाही तसंच हे. आणि हे छोटं प्रकरण नाहीये, संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालात टोकियो जगात पहिलं आणि जकार्ता जेमतेम एक कोटीचं होतं, २०२५ च्या अहवालात जकार्ता सुमारे ४ कोटी २० लाख घेऊन पहिलं आणि टोकियो तिसरं. सात वर्षांत तीन कोटी माणसं थोडीच येऊन राहिली, शहर मोजायची व्याख्या बदलली. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे वर्ष, हद्द आणि मोजणारा कोण हे लिहायचंच, त्याशिवाय आकडा वहीत घेऊ नकोस.

खचण्याच्या वेगाचंही तेच. "जकार्ता दरवर्षी पंचवीस सेंटिमीटर बुडतंय" असं तू लिहिलंयस, ते काढून टाक. बांडुंगच्या तंत्रशिक्षण संस्थेतले हसनुद्दीन आबिदिन आणि सहकाऱ्यांचा २०११ चा पेपर आहे, त्यात १९८२ ते २०१० मधला वेग साधारण वर्षाला १ ते १५ सेंटिमीटर दिलाय आणि मोजक्या ठिकाणी २० ते २८. बातम्यांनी ते मोजक्या ठिकाणचं टोक उचललं आणि सगळ्या शहराला चिकटवलं. हा पेपर गूगल स्कॉलरवर काढ आणि खाली "सायटेड बाय" वर क्लिक कर, नंतर कोणी काय मोजलं ती सगळी साखळी तिथे मिळेल.

आणि कारण नीट समजून घे, नुसतं समुद्र वाढतोय म्हणून सोडू नकोस. आपल्याकडे खाली काळा पाषाण, बोअर आटते पण जमीन खचत नाही. तिथे खाली नद्यांनी आणलेला गाळ आणि चिकणमाती, नळाचं पाणी सगळीकडे पोचत नाही म्हणून कारखाने, हॉटेलं, घरं सगळेच जमिनीतून उपसतात, पाणी निघालं की मातीचे थर दबतात आणि एकदा दबले की परत फुगत नाहीत. वर इमारतींचा भार आहेच. समुद्राची पातळी वाढते मिलिमीटरमध्ये, जमीन जाते सेंटिमीटरमध्ये, हा फरक तुझ्या प्रोजेक्टचा कणा होऊ शकतो असं मला मनापासून वाटतं.

मिळवायचं कुठून, तर १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्र सरकारची योजना सुरू झालीय, तीस प्रकाशकांची तेरा हजारांच्या आसपास जर्नल्स सरकारी संस्थांना मिळतात, तुमचं कॉलेज त्यात बसतं का हे आधी तुमच्या ग्रंथपालांना विचार, बऱ्याच मुलांना हे माहीतच नसतं. नाही बसलं तर जेस्टोर (JSTOR) या अभ्यासलेखांच्या वेबसाइटवर फुकट खातं काढ, महिन्याला शंभर लेख ऑनलाइन वाचता येतात. बटाव्हियाच्या काळातली डच वर्तमानपत्रं डेल्फर (Delpher) या वेबसाइटवर फुकट आहेत, जुने नकाशे आणि फोटो लायडन विद्यापीठाच्या डिजिटल कलेक्शनमध्ये. डच येत नाही म्हणून घाबरू नकोस, मोबाईलच्या ट्रान्सलेटने मथळा कळतो आणि नकाशाला भाषा फार लागत नाही. १९०० च्या आसपासचा एक नकाशा आणि आजचा सॅटेलाइट नकाशा शेजारी ठेवून कालवे कुठे बुजले ते बघ, हे काम तुला स्वतःच्या नजरेने करता येईल.

उद्या ग्रंथपालांकडे जाताना "जकार्तावर काही आहे का" असं विचारू नकोस. १९७० नंतर जकार्तात भूजल किती उपसलं गेलं आणि जमीन किती खचली याच्या मोजण्या हव्यात, असं विचार. तरी अडलास तर तुझी नावांची आणि शब्दांची यादी इथेच टाक, मी माझ्याकडून शोधून बघते.