वाचकांचे प्रश्न : वय बारा, अंगकाठी पंधराची

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. अकराव्या-बाराव्या वर्षी आपल्या वयोगटात १०० मीटरची एकही शर्यत तो हरला नव्हता. गेल्या वर्षभरात मात्र ज्यांना तो सहज मागे टाकत असे, तीच मुले त्याच्या पुढे जाऊ लागली आहेत. आता आठवड्याला वीस तास सराव करावा लागेल, असे त्याच्या प्रशिक्षकांचे म्हणणे आहे. मुलगा हिरमुसला आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : तुमचे पत्र वाचून मला पहिली शंका आली ती त्याच्या उंचीविषयी. त्याची उंची कधी निघाली, हे तुम्ही लिहिलेले नाही. मुलांमध्ये उंची वाढण्याचा वेग सरासरीने चौदाव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलींमध्ये बाराव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असतो; पण ही केवळ सरासरी झाली. एकाच वर्गातल्या दोन बारा वर्षांच्या मुलांपैकी एकाचे शरीर चौदा वर्षांच्या मुलासारखे थोराड आणि दुसऱ्याचे दहा वर्षांच्या मुलासारखे लहानखुरे असू शकते, आणि शर्यतीचा पिस्तुलाचा बार मात्र दोघांसाठी एकदमच होतो. तुमच्या मुलाचे अंग लवकर भरले असेल, तर त्याच्या आधीच्या विजयांतला काही भाग त्या लवकर आलेल्या वाढीचा होता. आता इतरांची वाढ होते आहे, एवढाच कदाचित या पिछाडीचा अर्थ असेल.

हे ताडून पाहण्याचा मार्ग सोपा आहे. त्याचा क्रमांक बाजूला ठेवा आणि गेल्या दोन वर्षांतल्या त्याच्या स्वतःच्या वेळा एका कागदावर ओळीने लिहून काढा. त्या सुधारत असतील, तर तो मंदावलेला नाही, इतरांनी अंतर कमी केले आहे. त्या खरोखरच बिघडल्या असतील, तर मात्र झोप, आहार, दुखणे आणि सरावाचा ताण या चारही गोष्टी तपासायला हव्यात. या वयात रोज आठ ते दहा तास झोप लागते. ती सहा-सात तासांवर आली असेल, तर सराव वाढवून काहीही हाती लागणार नाही.

वीस तासांच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. वयाची जितकी वर्षे, त्याहून अधिक तास आठवड्याला सराव करणाऱ्या मुलांमध्ये दुखापतींचे प्रमाण वाढलेले आढळते. म्हणजे चौदा वर्षांच्या मुलासाठी चौदा तास ही वरची मर्यादा धरावी, त्याचे उद्दिष्ट नव्हे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये असा सल्ला दिला की, आठवड्यातून एक-दोन दिवस आणि वर्षातून, महिन्या-महिन्याने तोडून, एकूण तीन महिने मुलाला त्याच्या मुख्य खेळापासून मोकळे ठेवावे. त्या काळात त्याने पोहावे, चेंडूचे खेळ खेळावेत, पण शर्यतीच्या मार्गापासून दूर राहावे. शिवाय, थोराड मुलांची एक अडचण मी अनेकदा पाहिली आहे : ताकदीच्या जोरावर जिंकत आल्याने सुरुवातीची ठेवण, हातांची लय, पाऊल कुठे पडते, यांकडे कोणी लक्षच दिलेले नसते. ते शिकण्याची वेळ आता आली आहे, आणि त्यासाठी जास्त तास नव्हे, ताजेतवाने पाय लागतात.

उसेन बोल्टचे उदाहरण तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. तो २००२ मध्ये पंधराव्या वर्षीच २०० मीटरमध्ये कनिष्ठ गटाचा विश्वविजेता झाला, हे खरेच आहे. पण तोच बोल्ट दुखापतींनी बेजार होऊन २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये पहिल्याच फेरीत बाद झाला, आणि १०० मीटरचा पहिला विश्वविक्रम त्याने केला तो २००८ मध्ये. मधल्या काळात ग्लेन मिल्स या प्रशिक्षकाने त्याला घडवले. अपवादालाही इतका अवधी लागला, हे त्या उदाहरणासोबत सांगितले जात नाही.

प्रश्न : मी शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. लांब उडीच्या गटातल्या दोन मुली, दोघीही बारा वर्षांच्या, गुडघ्याखाली दुखते म्हणून सराव टाळतात. एकीच्या बाबतीत मला ते कारण सांगणे वाटते. कसे ओळखावे?

उत्तर : बाई, त्या मुलीला बाकावर बसवून गुडघा वाकवायला सांगा आणि वाटीच्या खाली, नडगी जिथे सुरू होते तिथे जो हाडाचा उंचवटा लागतो, त्यावर अंगठ्याने हलकेच दाबा. नेमके तिथेच ती कळवळली, तर ते निमित्त नव्हे. वाढीच्या भरात हाडे आधी लांब होतात आणि स्नायू मागाहून त्यांच्या बरोबरीला येतात. मांडीचा ताणलेला स्नायू प्रत्येक उडीला त्या उंचवट्याला ओढत राहतो, आणि या वयात तिथे पक्के हाड नसून कूर्चा असते. डॉक्टर या दुखण्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. टाचेच्या मागच्या बाजूलाही याच कारणाने दुखू शकते. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचे हे दुखणे थांबते, पण तोवर उड्या कमी करणे भाग असते.

एक सवय लावून घ्या. दर तीन महिन्यांनी सर्व मुलींची उंची मोजा : तीच भिंत, अनवाणी पाय, टाचा भिंतीला टेकलेल्या, आणि वेळ सकाळची, कारण दिवसभरात माणसाची उंची सुमारे एक सेंटिमीटरने घटते. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटर किंवा अधिक वाढ दिसली, की ती मुलगी वाढीच्या भरात आहे असे समजा आणि तिच्या वहीतल्या उड्यांची संख्या निम्म्यावर आणा. त्या काळात तिची धाव अडखळते, उडी घेण्याची फळी चुकते, हातपाय जणू परक्याचे असल्यासारखे वागतात; याला आळस म्हणू नये. तोल सांभाळण्याचे व्यायाम, पोहणे आणि फेकीचे खेळ चालू ठेवता येतात. मात्र सूज, लंगडणे, ताप किंवा रात्री झोपमोड करणारे दुखणे असेल, तर थेट डॉक्टरांकडे पाठवा.

तुम्ही विचारलेले नाही, तरी लिहितो. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी सुरू झाली नसेल, किंवा सुरू झालेली सलग तीन महिने थांबली असेल, तर ते जोमदार सरावाचे लक्षण मानण्याची जुनी समजूत सोडून द्यावी. शरीराला खर्चाच्या मानाने अन्न कमी पडते आहे, असा त्याचा अर्थ बहुधा असतो, आणि हाडे ठिसूळ होऊ लागण्याचा धोका त्यात आहे. ही गोष्ट मुली पुरुष प्रशिक्षकांना सांगत नाहीत, तुम्हाला सांगतील.

प्रश्न : आमच्या संघाच्या निवड चाचणीत दरवर्षी उंच आणि दणकट मुलेच निवडली जातात. हे टाळण्याचा काही मार्ग आहे का?

उत्तर : हा दोष माझ्याही हातून घडला आहे. प्रशिक्षक म्हणून पहिल्याच वर्षी मी चणीने लहान असलेल्या एका मुलाला "पुढच्या वर्षी ये" असे सांगून परत पाठवले. तो पुन्हा आला नाही. चेंडू कुठे पडणार हे त्याला इतरांच्या आधी कळत असे, हे मला दिसले होते. तरीही मी छातीची रुंदी पाहून निर्णय घेतला.

वयोगट ठरवताना वय ज्या तारखेपासून मोजतात, तिच्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांचा भरणा संघांत अधिक असतो, हे कॅनडातल्या आइस हॉकीच्या संदर्भात १९८५ मध्येच दाखवून देण्यात आले होते. आठ-दहा महिन्यांचे अंतर त्या वयात फार मोठे असते. त्यावर एक साधा उपाय फुटबॉलमध्ये करून पाहिला गेला आहे : शर्टांवरचे क्रमांक जन्मतारखेनुसार द्यावेत, म्हणजे पाहणाऱ्याला कोण थोरला आणि कोण धाकटा हे प्रत्येक क्षणी डोळ्यांसमोर राहते. त्या प्रयोगात निवड करणाऱ्यांचा कल लक्षणीय बदलला. यात खर्च काहीच नाही.

नॉर्वेमध्ये अकरा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांचे निकाल आणि क्रमवारी जाहीर करत नाहीत. सुमारे ५५ लाख लोकवस्तीचा हा देश २०१८ आणि २०२२ या दोन्ही हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पदकतालिकेत पहिला होता. याचे सारे श्रेय त्या नियमाला देणे चुकीचे ठरेल, कारण तिथे बर्फ आहे आणि स्कीइंगची परंपराही आहे. पण लहानपणी क्रमांक न लावल्याने मुलांची जिंकण्याची जिद्द मरते, हा आक्षेप तरी त्यामुळे टिकत नाही.

प्रश्न : तेराव्या वर्षी वजने उचलल्याने उंची खुंटते का?

उत्तर : नाही. देखरेखीखाली आणि योग्य पद्धतीने केलेल्या वजनाच्या व्यायामाने उंची खुंटल्याचा पुरावा नाही. उलट दुखापती कमी होण्यास मदत होते. अपघात होतात ते मित्रांशी पैज लावून जास्तीत जास्त वजन उचलताना. पहिले दोन महिने हलकी काठी किंवा रिकामी दांडी घेऊन फक्त बैठकीची ठेवण शिकवा, आणि पाठ वाकली की वजन नव्हे, काठीसुद्धा खाली ठेवायला लावा.