धिप्पाड बचावपटू पहिल्या दहात घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा: कॅनडाच्या ज्युनियर लीगमधला ६ फूट ५ इंचांचा, अंगावर जाऊन खेळणारा, पण गोल आणि असिस्ट (गोलसाठी दिलेले पास) बेताचेच असलेला बचावपटू एनएचएल ड्राफ्टच्या (उत्तर अमेरिकेतल्या मुख्य लीगचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्या निवडीच्या) पहिल्या दहात घ्यावा का? (आपल्याकडे हॉकी म्हटलं की मैदान डोळ्यांपुढे येतं, हे सगळं बर्फावरच्या हॉकीचं आहे.)

माझं उत्तर: कोपऱ्यातला पक (चेंडूऐवजीची रबरी चकती) उचलून तो दबावाखाली नीट बाहेर काढत असेल, तरच. नसेल तर पहिल्या वीसात त्याला हात लावू नये. धडका किती देतो, हे तर मोजूच नये.

कारण खेळाच्या नियमांत आहे. २००४-०५ चा हंगाम टाळेबंदीत वाया गेला आणि त्यानंतर नियम बदलले. काठीने अडकवणं, धरून ठेवणं यावर कडक शिक्षा सुरू झाली, दोन रेषा ओलांडणारा लांब पास चालू झाला, आणि गोलरक्षकाने गोलरेषेमागे पक कुठे खेळावा यावर बंधन आलं. आधी संथ पण दांडगा बचावपटू समोरच्याला मधल्या भागातच अडकवून ठेवायचा आणि कोपऱ्यातला पक बऱ्याचदा गोलरक्षक काढून द्यायचा. आता तो पक बचावपटूलाच आणावा लागतो, तोही पाठ फिरवून, मागून भरधाव येणारा फॉरवर्ड अंगावर घेत. तिथे उंचीआधी पाय आणि डोकं लागतं.

२०१० चा ड्राफ्ट बघा. फ्लोरिडाच्या संघाने तिसऱ्या क्रमांकावर धिप्पाड बचावपटू एरिक गुडब्रान्सनला घेतलं. तो बरीच वर्षं टिकला, पण बचावपटूंच्या पहिल्या जोडीचा आधारस्तंभ झाला नाही. दहाव्या क्रमांकावर न्यूयॉर्क रेंजर्सनी डिलन मॅकिलरॅथ घेतला, तोही ६ फूट ५ इंचांचा आणि दणकट. एनएचएलमध्ये त्याला थोडेच सामने मिळाले. बाराव्याला चपळ बचावपटू कॅम फाउलर गेला आणि सोळाव्याला फॉरवर्ड व्लादिमिर तारासेन्को, ज्याने पुढे एका हंगामात ४० गोल केले. २०१२ मध्ये चौथा गेलेला उंच बचावपटू ग्रिफिन राइनहार्ट एनएचएलमध्ये अवघे ३७ सामने खेळला. त्याच्या संघाने, न्यूयॉर्क आयलँडर्सनी, २०१५ मध्ये त्याला एडमंटनला देऊन १६ वी आणि ३३ वी निवड मिळवली, आणि त्या सोळाव्या निवडीतून मॅथ्यू बार्झाल हा उत्तम फॉरवर्ड हाती आला.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे प्रोंगर आणि हेडमन. क्रिस प्रोंगर १९९३ मध्ये दुसरा, व्हिक्टर हेडमन २००९ मध्ये दुसरा, दोघेही ६ फूट ६ इंचांचे. पण प्रोंगरचा पहिला पास आणि हेडमनचं स्केटिंग बाजूला काढलं तर दोघांनाही कुणी दुसऱ्या क्रमांकावर घेतलं नसतं. उलट असेच धिप्पाड आणि पुढे अव्वल ठरलेले बचावपटू बघा: झ्डेनो चारा १९९६ मध्ये ५६ वा आणि कोल्टन पराय्को २०१२ मध्ये ८६ वा निवडला गेला. निवड झाली तेव्हा दोघेही १९ वर्षांचे होते. एवढं मोठं शरीर उशिरा ताब्यात येतं, म्हणून असे खेळाडू खालच्या फेऱ्यांतही सापडतात.

प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत) आडदांड बचाव लागतो हे मला पूर्ण मान्य आहे. २०२३ मध्ये वेगासने स्टॅनली कप (एनएचएलचं विजेतेपद) जिंकला तो अशाच बचावफळीवर. पण ती जमली कशी? पिएत्रांजेलो मोकळ्या बाजारातून करार करून आला, मॅकनॅब आणि थिओडोर संघ स्थापन होताना आले, मार्टिनेझ अदलाबदलीत, व्हाइटक्लाउड कॉलेजमधून ड्राफ्टविनाच. स्वतः ड्राफ्टमध्ये घेतलेला होता तो ६ फूट ६ इंचांचा निक हेग, आणि तोही २०१७ मध्ये ३४ वा.

आता मुलगा पारखायचा कसा ते सांगतो. तीन पूर्ण सामने बघा, हायलाइट नकोत. हायलाइटमध्ये धडक दिसते; धडक हुकल्यावर मागे उघडी पडलेली जागा दिसत नाही.

सगळ्यात आधी कोपऱ्यातला पक. तिथे पोहोचेपर्यंत तो किती वेळा खांद्यावरून मागे बघतो? निदान दोनदा हवं: धावायला लागताना एकदा, पकला काठी लावायच्या जरा आधी एकदा. न बघणारा मुलगा घाईने पक बोर्डच्या (रिंगणाभोवतीच्या भिंतीच्या) कडेने भिरकावतो आणि ब्लू लाइनवर (बचावक्षेत्राच्या सीमारेषेवर) उभा असलेला प्रतिस्पर्धी तो आयता उचलतो. असे दहा प्रसंग लिहून काढा. पैकी सहा वेळा पक सहकाऱ्याच्या काठीवर गेला तर मी त्याला वर धरतो. हा माझा अंदाजी मापदंड आहे, पण ज्युनियरमध्ये याहून कमी असेल तर वरच्या पातळीवर फार गळती होते.

मग ब्लू लाइनवरचं अंतर. पक घेऊन येणारा आपल्या ब्लू लाइनवर पोहोचतो तेव्हा मधे एक ते दीड काठीचं अंतर असावं. पायांवर भरवसा नसलेला उंच मुलगा मधल्या लाल रेषेपासूनच मागे सरकतो आणि समोरच्याला फुकट आत येऊ देतो. लांब हातांचा खरा उपयोग इथेच आहे: काठी एका हातात, पातं बर्फावर, समोरच्याला हळूहळू बोर्डकडे रेटायचं.

वळणं दोन्ही बाजूंनी तपासा. बरेच मोठे मुलगे एका बाजूने झकास वळतात आणि दुसऱ्या बाजूने एक पाऊल हरवतात. ताठ उभं राहून स्केटिंग करणं मांड्यांची ताकद वाढली की बऱ्यापैकी सुधारतं. खेळ उशिरा वाचण्याची सवय मात्र क्वचितच जाते, म्हणून दोन दोषांत पहिला मी पोटात घालतो, दुसरा नाही.

धडका का नको मोजायला? ज्युनियरमध्ये समोर बऱ्याचदा १६-१७ वर्षांची, अजून न भरलेली पोरं असतात. पुरुषांविरुद्ध खेळलेला असेल तर गोष्ट वेगळी. मोरित्झ साइडर जर्मनीच्या वरिष्ठ लीगमधून २०१९ मध्ये सहावा गेला आणि २०२२ मध्ये काल्डर ट्रॉफी (एनएचएलमधल्या सर्वोत्तम नवोदिताचा मान) घेऊन बसला.

गुण (गोल आणि असिस्ट मिळून) मोजताना पॉवर प्लेचे, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना मिळवलेले, वेगळे काढा. जन्मतारीखही बघा: ड्राफ्टसाठी वयाची सीमा १५ सप्टेंबरची आहे, त्यामुळे एकाच ड्राफ्टमधल्या दोन मुलांत जवळपास वर्षाचं अंतर असू शकतं. उजव्या हाताने खेळणारा असेल तर चार-पाच जागा वर धरा, कारण असे बचावपटू कमी मिळतात. २०२५ मध्ये बफेलोने नवव्या क्रमांकावर घेतलेला राडिम म्र्टका उंचही आहे आणि उजव्या हाताचाही.

आणि तुमच्या संघाची निवड आठवी असून मन याच मुलावर बसलं असेल, तर आधी १३ ते १८ क्रमांकांच्या निवडी असलेल्या संघांना फोन लावायला हवा. आपली आठवी निवड देऊन, त्यांच्या जागी खाली सरकून दुसऱ्या फेरीतली एक निवड जास्तीची मिळाली आणि हाच मुलगा तिथे उरला तर उत्तमच. नाही उरला तर त्या जादा निवडीवर १९ वर्षांचा, अजून अंगात भरत असलेला उंच बचावपटू शोधता येतो.