एफडीला हप्ता नसतो

नाशिकहून एका ताईंचं पत्र आलंय. कागद-पुठ्ठा कापणाऱ्या क्रिकट मेकर मशीनवर त्या घरीच जिगसॉ पझल डिझाइन करून कापतात. मुलांच्या वाढदिवसाला नावाचं पझल, रुखवतात मांडायला नवरा-नवरीच्या फोटोचं, शिवाय महाराष्ट्राचा जिल्हावार नकाशा. महिन्याला २५ पझल जातात, दर ४५० रुपये. बोर्ड, प्रिंट, खोका धरून खर्च १७०. यजमान सातपूरच्या कारखान्यात आहेत, पगार हातात ५२ हजार. मुलगी सात वर्षांची. बचत खात्यात ४० हजार. त्या विचारतात: 'एक मशीन पुरत नाही. १ लाख ६० हजारांचं लेझर मशीन घ्यावं म्हणते. बँक १४ टक्क्यांनी कर्ज द्यायला तयार आहे. घेऊ का? रोखीनेच घेतलं असतं, पण मुलीच्या एफडीचा तिसरा हप्ता मार्चमध्ये आहे.'

ताई, लेझर घेऊ नका. ते आधी पटकन उरकतो, कारण मला तुमच्या शेवटच्या वाक्याकडे यायचंय.

२ मिलिमीटरचा बोर्ड कापताना पातं त्याच रेषेवरून वीसेक वेळा फिरतं आणि एका पझलला दीड तास जातो, असं तुम्हीच लिहिलंय. २५ पझलचे झाले ३८ तास. म्हणजे दिवसाला सव्वा तास. लग्नसराईत ६० झाली तरी रोज तीन तास. बाकी वेळ मशीन झाकलेलंच असतं. मशीन पुरतंय, ऑर्डरी पुरत नाहीत. प्रदर्शनात साठ जणांनी कार्ड नेलं म्हणून तुम्ही महिन्याला २०० पझल धरलीत. कार्ड नेणारा माणूस मी गिऱ्हाइकात मोजत नाही. आज सुटतात महिन्याला ७ हजार. तीन वर्षांच्या कर्जाचा हप्ता होईल साडेपाच हजार. वर लेझरने बोर्डाच्या कडा काळपट होतात, धूर बाहेर काढायची सोय लागते. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती कुठे करणार?

फोटोच्या पझलला मशीनचीही गरज नाही. चित्र दर वेळी वेगळं, पण तुकड्यांची नक्षी तीच असते. खोके बनवणाऱ्या प्रेसकडून त्या नक्षीचा डाय (कापायचा साचा) एकदा करून घ्या, शंभराची ऑर्डर आली तर ते पंचिंग करून देतील. क्रिकट नावांसाठी आणि नकाशासाठी राखा.

आता एफडी. एफडीला हप्ता नसतो, ताई. पैसे एकदा ठेवायचे आणि मुदत संपली की घ्यायचे. दरवर्षी १ लाख, दहा वर्षं, आणि पंधराव्या वर्षाअखेर १८ लाख, ही विमा पॉलिसी आहे. तुम्ही पहिल्या पानाचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. त्यावर 'विमेदार' या रकान्यात तुमच्या मुलीचं नाव आहे. घरात पगार आणणारा माणूस एक, आणि विमा काढलाय दुसरीतल्या पोरीचा. उद्या यजमानांचं काही बरंवाईट झालं तर ही पॉलिसी छदाम देणार नाही. असे कागद माझ्यापुढे सारखे येतात, तरी प्रत्येक वेळी डोकं फिरतं.

'जवळजवळ दुप्पट' असं पॉलिसी विकणाऱ्या बँकेतल्या साहेबांनी व्हॉट्सअॅपवर लिहून दिलंय. दहा लाखांचे अठरा, पण पंधरा वर्षांत. परतावा निघतो जेमतेम साडेपाच टक्के. मुलींसाठीच्या सरकारी सुकन्या समृद्धी योजनेला सध्या ८.२ टक्के व्याज आहे. हेच दहा हप्ते तिथे गेले असते तर त्याच तारखेला साडेतेवीस लाख झाले असते. वर तीच बँक आता तुम्हाला १४ टक्क्यांनी पैसे देऊ करतेय.

आणखी एक हिशेब करा. एका पझलमागे तुम्हाला २८० रुपये सुटतात. १ लाखाचा हप्ता भरायला साडेतीनशेच्या वर पझल लागतात. तुम्ही वर्षाला कापता ३००. म्हणजे पहाटे उठून ग्रे बोर्ड मॅटला चिकटवता, कोपऱ्यांना टेप लावता, ते सगळं वर्षभर त्या पॉलिसीसाठी, आणि तरीही वर पगारातून १५-१६ हजार घालता. मशीन अपुरं वाटतंय ते यामुळे.

मग मार्चमध्ये काय करायचं? हप्ता भरू नका. वार्षिक हप्ता भरायला तारखेनंतर ३० दिवसांची मुदत असते, तेवढ्यात पुढची कामं सुरू करा.

पहिलं, विमा कंपनीकडे लेखी तक्रार. एफडी सांगून पॉलिसी विकली, एवढंच लिहा आणि साहेबांचा तो मेसेज जोडा. तो डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून यजमानांच्या फोनवरही पाठवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. भरलेले दोन लाख पूर्ण परत मिळण्याची सोपी वाट तीच आहे. मिळतीलच असं मी सांगणार नाही.

तक्रार फसली तर? रागाच्या भरात पॉलिसी मोडू नका. मोडलीत तर आत्ता भरल्यापेक्षा बरंच कमी हातात येईल. दोन पूर्ण हप्ते गेलेत, त्यामुळे ती 'पेड-अप' होऊ शकते: पुढे काही भरायचं नाही, मुदत संपल्यावर साधारण साडेतीन लाख घ्यायचे. नेमका आकडा कंपनीकडून लिहून मागवा. पुढचे आठ लाख सुकन्यात गेले तर १७ लाखांच्या आसपास होतात, हे साडेतीन धरून २० च्या वर. हप्ते भरत राहिलात तर १८. फरक डोळे दिपवणारा नाही, हे कबूल. पण सुकन्यात एखादं वर्ष तंगीचं गेलं तर २५० रुपये भरूनही खातं चालू राहतं. पॉलिसी तसं ऐकून घेत नाही. सुकन्याचं खातं मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं, तेव्हा आळस नको.

यंदाचा लाख मात्र सुकन्यात टाकू नका, वरचा आकडा त्याने थोडा घटला तरी चालेल. आधी यजमानांच्या नावाने एक कोटीचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा; निर्व्यसनी चाळिशीच्या माणसाला वर्षाला वीस हजारांच्या आतबाहेर पडतो, आणि सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. 'कंपनीचा विमा आहे' असं तुम्ही लिहिलंय. नोकरी सुटली की तोही सुटतो. उरलेले ८० हजार खरोखरच्या एफडीत, त्या ४० हजारांच्या जोडीला. दवाखाना, ले-ऑफ, मशीनची दुरुस्ती, सगळ्याला तेवढेच आहेत.

धंदा वाढवायचाच असेल तर तुमच्याकडे विकण्यासारखी दुसरी वस्तू आहे: डिझाइन. क्रिकटसारखी मशीन घरी असलेल्या लोकांना कापायची तयार एसव्हीजी फाइल हवी असते. तिला बोर्ड लागत नाही, खोका लागत नाही, एकदा आखली की पुन्हा विकता येते. मात्र लगेच डॉलर मोजायला बसू नका. पहिल्या वर्षी महिन्याला चार-पाच गेल्या तरी चांगलं म्हणा. आणि त्यात कार्टूनची चित्रं नकोत, ती दुसऱ्याच्या मालकीची असतात.

सुरुवात नकाशापासून करा. जिगसॉचा जन्मही नकाशातूनच झाला. १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने लाकडावर चिकटवलेले नकाशे देशांच्या सीमांवरून कापून मुलांना भूगोल शिकवायला विकले. तुम्ही लिहिलंय की ३६ जिल्ह्यांतला मुंबई शहराचा तुकडा इतका बारीक होतो की पात्याखाली भुगा होतो. तो उपनगराला जोडून एकच तुकडा करा आणि मधली सीमा नुसती छापा.