पोईत वळायचं कसं
अरे भावा, पोई म्हणजे दोरीच्या टोकाला गोळा बांधून दोन्ही हातांत एकेक फिरवायचा खेळ, पण गोळे पेटवून फिरवायचं, आगीचं नाव आत्ताच काढू नको, दोन जुन्या मोज्यांत एकेक टेनिस बॉल घाल नि गाठ मार, कारण वळताना दोन-चार तरी डोक्यात बसणारच, मी बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या ग्राउंडवर असा कानावर घेतलाय की फिरायला आलेले काका हसून बेजार. आता बघ, उजवीकडं वळायचं तर दोन्ही पोई उजव्या अंगाला आण, पुढच्या दिशेनं फिरव, नि खाली येऊन मागं जायला लागल्या की त्यांच्या मागोमाग तू पण वळ, नुसती मान नको, पाय पण वळव. पोईची दिशा बदलत नाही, तुझं तोंड बदलतंय, म्हणून वळल्यावर त्या समोरनं वर चढताना दिसतात, म्हणजे उलटी फिरकी. तिथंच सगळे दचकून हात थांबवतात नि दोऱ्या गुंततात. थांबू नको की! उलटी फिरकी आधी वेगळी घोटून ये, मग वळ.