सोयाबीनच्या सीझनमध्ये पट्टी अडकते, मेमरी फुगते; एसक्यूलाइट सोडावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरच्या मोंढ्यातल्या एका अडत दुकानासाठी सी शार्पमध्ये सॉफ्टवेअर लिहिलंय, सगळा डेटा एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका फाइलमध्ये आहे. उन्हाळ्यात ठीक चालतं. दसरा-दिवाळीला सोयाबीनची आवक वाढली की पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा मालाचा हिशोब) सेव्ह व्हायला ८-१० सेकंद लागतात, ४ जीबी रॅमपैकी दीड जीबी एकटा तुमचा प्रोग्राम खातो आणि मधूनच 'डेटाबेस इज लॉक्ड' येतं. शेठ म्हणतात मोठा डेटाबेस टाका. टाकावा का?

बहुतेक नाही. एक अट आहे, ती शेवटी येईलच. परभणीकडच्या एका जिनिंगसाठी मी असंच सॉफ्टवेअर लिहिलं होतं आणि यातले जवळपास सगळे रोग स्वतःच्या हातानं लावून घेतले होते.

आधी पट्टी. एका पट्टीत वजनाच्या ओळी, हमाली, तोलाई, अडत, शेतकऱ्याचं खातं, खरेदीदाराचं खातं असं धरलं तर सहज शे-दोनशे इन्सर्ट (डेटाबेसात ओळ घालायच्या आज्ञा) होतात. तुम्ही बिगिन ट्रान्झॅक्शन ('इथून पुढचं सगळं एकच व्यवहार धर' ही सूचना) न लिहिता लूप फिरवत असाल, तर एसक्यूलाइट प्रत्येक इन्सर्टला स्वतंत्र व्यवहार धरतं. म्हणजे प्रत्येक ओळीला जर्नल फाइल (काही बिघडलं तर मागं फिरायला जुन्या मजकुराची प्रत) तयार करा, डिस्कवर पक्की करा, मूळ फाइल लिहा, तीही पक्की करा, जर्नल पुसा. मुनीमजींनी वहीत एक ओळ लिहायची, वही तिजोरीत ठेवून कुलूप लावायचं आणि पुढच्या ओळीला पुन्हा कुलूप उघडायचं, असला प्रकार. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी जुनी हार्ड डिस्क असेल तर सेकंदाला फार तर साठेक व्यवहार पक्के होतात. आता तुमच्या दोनशे ओळींचा हिशोब करा, वर अँटिव्हायरस प्रत्येक नव्या जर्नल फाइलला हुंगतो तो वेळ धरा. अख्खी पट्टी एका ट्रान्झॅक्शनमध्ये टाकली की हेच काम डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. शिवाय अर्धी पट्टी सेव्ह आणि अर्धी गायब, हा प्रकारही थांबतो.

इथं कुणीतरी सांगेल, 'सिंक्रोनस ऑफ करा, सुसाट पळेल'. पळेल हे खरं. पण मग डेटा डिस्कवर खरोखर पोचला का हे न बघता एसक्यूलाइट पुढं जातं, आणि नेमकी तेव्हा लाइट गेली तर फाइलच खराब होऊ शकते. आपल्याकडे लाइट कधी जाते हे मी सांगायला नको, आणि इन्व्हर्टरची बॅटरी बसायची ती ऐन सीझनलाच. वॉल मोड (बदल आधी वेगळ्या वॉल फाइलमध्ये लिहून नंतर मूळ फाइलमध्ये नेण्याची पद्धत) लावून सिंक्रोनस नॉर्मल ठेवलं तर फाइल शाबूत राहते, पण लाइट गेल्यावर शेवटचे काही व्यवहार पुसले जाऊ शकतात. शेतकऱ्याच्या हातात छापील पट्टी आणि कॉम्प्युटरात तिची नोंदच नाही, हे भांडण तुम्ही मिटवणार का? मी तरी पैशाच्या कामाला वॉल मोड आणि सिंक्रोनस फुल अशीच जोडी ठेवतो.

आता दीड जीबी. एसक्यूलाइटची कॅश (वाचलेला डेटा हाताशी ठेवायची मेमरी) मुळात प्रत्येक कनेक्शनला फक्त २ एमबीच्या आसपास असते, त्यामुळे दोष एकदम त्याच्या माथी मारू नका. आधी मोजा. मेमरी-यूज्ड नावाचं फंक्शन आहे, ते एसक्यूलाइटनं स्वतः किती मेमरी धरलीय ते सांगतं. आकडा १०-१५ एमबी आला तर बाकीची मेमरी तुमच्या कोडनं अडवलीय. माझं तसंच झालं होतं: 'सगळ्या पावत्या' या खिडकीत मी सहा वर्षांच्या नोंदी एकाच डेटाटेबलमध्ये (सी शार्पचा मेमरीतला तक्ता) ओतत होतो, आणि मालक ती खिडकी दिवसभर उघडी ठेवून वर दुसरी उघडायचे. ग्रिडला एका वेळी दोनशे ओळी द्या, खाली सरकलं की पुढच्या आणा. त्यासाठी ऑफसेट ('इतक्या ओळी सोडून पुढच्या द्या') वापरू नका, कारण तो वगळायच्या ओळीही मोजतच जातो. शेवटच्या ओळीचा क्रमांक धरून 'याच्या पुढच्या दोनशे' मागा.

आकडा खरंच मोठा आला, तर कोडमध्ये कॅश-साइज शोधा. कुठून तरी उचललेली २,००,००० ही संख्या सापडण्याची शक्यता आहे. अधिक आकडा म्हणजे पानं (डेटाबेस फाइलचे ठरावीक आकाराचे तुकडे), वजा आकडा म्हणजे किलोबाइट. ४ केबीच्या पानानं दोन लाख पानं म्हणजे ८०० एमबीची मुभा, तीही प्रत्येक कनेक्शनला वेगळी. वर्षाचा हिशोब काढला की ती भरते आणि कनेक्शन बंद होईपर्यंत तशीच राहते.

शोध मंद असेल तर क्वेरीच्या आधी 'एक्सप्लेन क्वेरी प्लॅन' लावून चालवा. 'सर्च' आलं तर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) लागतोय. 'स्कॅन' आलं तर टेबल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत चाळलं जातंय. आपल्याकडच्या सॉफ्टवेअरमध्ये हमखास सापडणारी चूक तारखेची. '१५-१०-२०२४' असा मजकूर साठवला की क्रम दिवसानं लागतो, मग तो सुधारायला सबस्ट्रिंग वापरून तारीख उलटीपालटी करतात, आणि कॉलमवर फंक्शन चढवलं की त्यावरचा साधा इंडेक्स बाद होतो. वर्ष-महिना-दिवस अशीच साठवा, दाखवताना फिरवा. इंडेक्स शेतकरी आणि तारीख दोन्हींवर मिळून करा, याच क्रमानं.

नावाच्या शोधात दोन्ही बाजूंनी टक्क्याचं चिन्ह लावलेलं 'लाइक' (अर्धवट नावानं शोधायची अट) असेल तर इंडेक्स उपयोगाचा नाही. एफटीएस५ (एसक्यूलाइटची शब्दशोधाची सोय) वापरता येईल, पण मराठीला एक खोच आहे: त्याचा नेहमीचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) वेलांटी, मात्रा, अनुस्वार यांना शब्दाचा भाग मानत नाही. 'शिंदे'चे नुसते 'श' आणि 'द' उरतात. टोकनायझरच्या कॅटेगरीज पर्यायात एमएन आणि एमसी हे युनिकोडमधले अशा चिन्हांचे दोन गट जोडले की नाव अखंड राहतं. यात माझे दोन दिवस गेले.

'लॉक्ड'चं कारण बहुधा बंद न केलेला डेटारीडर (क्वेरीचं उत्तर ओळीओळीनं वाचणारा कोडचा भाग). वॉल मोडमध्ये वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही, तेव्हा तो त्रास कमी होईल. पण रीडर उघडाच राहिला तर वॉल फाइल रिकामी होत नाही, वाढत जाते. आणि वॉल लावल्यावर चालू प्रोग्रामची नुसती मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घेऊ नका. मी घेतली होती. उघडून पाहिली तर दुपारनंतरचा कापूस त्यात नव्हता, कारण तो वॉल फाइलमध्ये होता. बॅकअपला 'व्हॅक्यूम इन्टू' (डेटाबेसची पूर्ण प्रत नव्या फाइलमध्ये काढणारी आज्ञा) वापरा.

आता ती अट. काट्याजवळचा कॉम्प्युटर आणि गल्ल्यावरचा कॉम्प्युटर शेअर्ड फोल्डरमधून हीच फाइल उघडत असतील, तर वर सांगितलेलं अर्धंअधिक निरुपयोगी आहे. नेटवर्कवरच्या फाइलला कुलूप नीट लागेलच असं नाही, आणि वॉल मोड तर दोन मशीनमध्ये चालतच नाही. तिथं शेठचं ऐका: पोस्टग्रेस हा सर्व्हरवर चालणारा डेटाबेस टाका, किंवा गल्ल्यावरच्या मशीनवर छोटी सर्व्हिस लिहून काट्याला तिच्यामार्फतच बोलायला लावा. तुमच्याकडं काटा कशाला जोडलाय ते प्रश्नात नाही, तेवढं कळवा.